व्यक्ती तितक्या प्रकृती : स्तनांच्या कर्करोगावरील किरणोपचार आणि यंत्राची बुद्धी

वाडीतील जुन्या घरांतून एखाद्या बाईला हा आजार निघाला म्हणजे त्याचे नाव सहसा घेतले जात नाही. ‘तिला ते झाले आहे’ इतकेच हलक्या आवाजात सांगितले जाते आणि काही महिन्यांनी ‘आता शेक चालू आहेत’ असे कानावर येते. शेक हा शब्द किरणोपचारासाठी मराठीत रुळला आहे आणि गुजराथीतही तोच चालतो. त्यामुळे वडोदऱ्यात तो दोन्ही भाषांच्या बायका एकमेकींशी निःसंकोचपणे वापरतात. शास्त्राच्या दृष्टीने शब्द चुकीचा आहे. या किरणांना ऊब नसते. बाई यंत्राखाली निजते तेव्हा तिला काहीही जाणवत नाही आणि काही मिनिटांत ती उठून कपडे सावरते. त्वचा काळवंडते, हुळहुळी होते ती पुढे काही दिवसांनी.

तरीही या शब्दात एक जुने शहाणपण आहे. बाळंतिणीला शेक देणारी सुईण आधी आपल्या हाताला ऊब लावून पाहते, मग बाळंतिणीच्या चेहऱ्याकडे पाहते. एकीला जे सोसते ते दुसरीला सोसत नाही, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. आधुनिक किरणोपचाराने मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ बहुतांशी एकच मात्रा सर्वांना, हा नियम पाळला. तो निष्काळजीपणाने पाळला असे नव्हे. कोणत्या स्त्रीला किती सोसेल हे आधी ओळखण्याचे साधनच हाती नव्हते. असे साधन संगणकाच्या रूपाने आता हाती येत आहे. ते कितपत खरे आहे, आणि ज्या स्त्रियांच्या नोंदींवरून ते घडविले गेले त्यांत वाडीतली बाई कोठे आहे, हा या व्याख्यानाचा विषय होय.

विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्त्सबर्ग येथे लागला. पुढच्याच वर्षी शिकागोत एमिल ग्रुब यांनी स्तनांच्या कर्करोगावर हे किरण वापरल्याचा दावा पुढे केला. त्या दाव्याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. त्या काळी या रोगावर खरा अधिकार शल्यचिकित्सकांचा होता. बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांची शस्त्रक्रिया संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी एकत्रच काढून टाकी. ती प्रमाण मानली गेली आणि सुमारे पाऊण शतक जगभर चालली. जितके अधिक कापावे तितकी बाई अधिक वाचेल, अशी त्यामागची श्रद्धा होती. लंडनमध्ये जेफ्री केन्स यांनी १९२० च्या दशकात रेडियमच्या सुया वापरून कमी कापूनही काम भागते असे दाखविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा व्यवसायबंधूंनी त्यांच्याकडे काणाडोळा केला. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे हे धाकटे बंधू.

ही श्रद्धा ढळली ती अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो व्हेरोनेसी यांच्या चाचण्यांनी. केवळ गाठ काढून उरलेल्या स्तनावर किरण दिले तरी स्त्रिया तितक्याच जगतात, हे दोघांच्याही वीस वर्षांच्या पाठपुराव्यातून २००२ साली एकाच वेळी प्रसिद्ध झाले. किरणांचे त्यातील काम किती, याचा हिशेब २०११ साली १७ चाचण्या आणि १०,८०१ स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून मांडण्यात आला. गाठ काढल्यावर किरण न घेतलेल्या शंभर स्त्रियांपैकी ३५ जणींचा रोग दहा वर्षांत परतला. घेतलेल्यांपैकी १९ जणींचा. पंधरा वर्षांत या रोगाने दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २५ वरून २१ वर आले. किरणांनी स्त्रिया वाचतात, याबद्दल त्यानंतर शंका उरली नाही.

हेच आकडे उलट बाजूने वाचून पाहावेत. किरण न घेतलेल्या शंभरांपैकी ६५ जणींचा रोग दहा वर्षांत परतलाच नव्हता. घेतलेल्यांपैकी १९ जणींचा, किरण घेऊनही, परतला. म्हणजे मोठ्या संख्येने स्त्रिया असा उपचार घेत होत्या की ज्याची त्यांना गरज नव्हती, आणि काहींना तो पुरत नव्हता. कोणती बाई कोणत्या गटातली, हे मात्र सरासरीचा आकडा सांगत नाही. सरासरी ही गर्दीविषयीची माहिती असते; यंत्राखाली निजते ती एकच बाई.

या प्रश्नाची पाळेमुळे शोधू गेल्यास मराठी वाचकाला फार दूर जावे लागत नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले. तेथील विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. एकाच देशात राहणाऱ्या माणसांना चालीरीतींप्रमाणे वेगवेगळे कर्करोग का होतात, हा त्यांचा ध्यास होता. कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या घर्षणाने होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन १९४५ साली त्यांच्या निबंधातून जगापुढे आले. कर्करोग एकच नव्हे, तो माणसागणिक आणि राहणीगणिक निराळा, ही दृष्टी त्यांनी परळमध्ये रुजविली.

त्यांच्या हाताखाली आलेली एक तरुणी म्हणजे पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. रोंटगेन यांच्या शोधाची तारीखही तीच. हा निव्वळ योगायोग असला तरी स्मरणात ठेवण्यासारखा आहे. फर्ग्युसनमध्ये शिक्षण, वनस्पतिशास्त्राकडून प्राणिशास्त्राकडे वळण, आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता उंदरांच्या चार वंशांच्या स्तनग्रंथींची तुलना. या चार वंशांत स्तनांचा कर्करोग होण्याची प्रवृत्ती कमीअधिक होती. ग्रंथी वरवर सारख्याच. मग एका वंशातील मादीला रोग का धरतो आणि दुसऱ्या वंशातील मादीला का धरत नाही? पुढे त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकून आल्या आणि मुंबईत त्या विद्येची प्रयोगशाळा त्यांनी उभारली. १९७३ साली भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या निवर्तल्या. आज संगणकाला जो प्रश्न विचारला जात आहे तो मुळात रणदिवेबाईंचाच प्रश्न आहे. फक्त उंदरांच्या जागी स्त्रिया आणि चार वंशांच्या जागी हजारो प्रकृती आल्या आहेत.

नोंदीचे महत्त्वही मुंबईनेच प्रथम ओळखले. एका ठरावीक लोकवस्तीतील प्रत्येक कर्करोगाची नोंद ठेवणारी भारतातील पहिली नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली. त्यामागे डॉ. डी. जे. जस्सावाला यांची चिकाटी होती. पारशी स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा अधिक आहे, हे अशा नोंदींतूनच दिसून आले. वहीत नाव घातल्याखेरीज रोग दिसत नाही, हे ग्रंथालयाच्या सभासदांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बोर्डेन यांना अमेरिकेहून बोलावून बडोद्याची ग्रंथालये शास्त्रशुद्ध पायावर उभी केली, तेव्हा प्रथम हात घातला गेला तो सूचीच्या कामाला. सूचीत नसलेले पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखेच.

आता किरणांच्या मात्रेकडे वळावे. ही मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. पूर्वीची प्रमाण मात्रा ५० ग्रे, ती पंचवीस दिवसांत वाटून दिली जाई. आठवड्याचे पाच दिवस धरले तर पाच आठवडे. मात्रा वाटून देण्याचे कारण असे की, किरणांनी पेशींच्या गाभ्यातील तंतू तुटतात. निरोगी पेशी ते रातोरात पुष्कळसे सांधून घेतात, कर्कपेशींना ते तितकेसे जमत नाही. ब्रिटनमधील चाचण्यांनी २००८ साली दाखविले की ४० ग्रे पंधरा दिवसांत दिले तरी परिणाम कमी होत नाही. २०२० साली तेथीलच ९७ रुग्णालयांतील ४,०९६ रुग्णांच्या चाचणीने २६ ग्रे अवघ्या पाच दिवसांत देऊनही पाच वर्षांच्या अखेरीस निष्पत्ती तोडीस तोड असल्याचे सिद्ध केले.

पंचवीस, पंधरा, पाच. वैद्यकीय नियतकालिकात हे तीन आकडे एका ओळीत मावतात. ज्या घरातून बाई परळला जाते त्या घरात त्यांचा अर्थ निराळा असतो. वाडीतून गाडीने मुंबई सेंट्रल वा बोरिवली गाठावयाचे, नातेवाइकाकडे राहावयाचे तर किती दिवस, हा संकोच. बरोबर सासू जाणार की बहीण, मुलांचे डबे कोण करणार, नवऱ्याची रजा किती उरली. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे बाहेरगावाहून टाटा रुग्णालयात येणाऱ्या कितीतरी रुग्णांचा मुक्काम असतो. तेथील ओसरीवर पंचवीस दिवस आणि पाच दिवस यांतील फरक कोणीही सांगू शकेल. अलीकडे वडोदरा जिल्ह्यातच, वाघोडिया तालुक्यातील गोरज येथे, अनुबेन ठक्कर यांनी उभारलेल्या मुनी सेवा आश्रमाचे कर्करोग रुग्णालय असल्यामुळे पुष्कळांची ही पायपीट टळली आहे. तथापि रोज जाऊन-येऊन करावयाचा उपचार घरच्या बाईला परवडतो की नाही, हाही तिच्या प्रकृतीचाच भाग मानावयास हवा. संगणकाच्या प्रारूपात ही बाब सहसा नसते.

ब्रिटनची ही पाच दिवसांची मात्रा भारताने डोळे मिटून उचलली नाही. कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने भारतीय स्त्रियांवर तिची स्वतंत्र चाचणी हाती घेतली. आपल्याकडील स्त्रियांना हा रोग पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. त्या उशिरा, वाढलेल्या रोगासह येतात. अनेकींचा संपूर्ण स्तन काढावा लागतो. परक्या मातीतली मात्रा येथे पारखून घेतली पाहिजे, हा विवेक त्या चाचणीमागे आहे. यंत्राच्या बुद्धीबाबतही तोच विवेक पुढे उपयोगी पडणार आहे.

उपचार कोणाला देऊ नये, हे ठरविणे तो देण्याइतकेच कठीण असते. याचे एक ठळक उदाहरण परळचेच. रोग निदानाच्या वेळीच यकृत, हाडे अशा दूरच्या अवयवांत पसरलेला असेल तर स्तनावर शस्त्रक्रिया आणि किरण यांचा उपयोग होतो काय? जगभर अनेक ठिकाणी तो होतो असे गृहीत धरून उपचार चालत. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात ३५० स्त्रियांवर रीतसर चाचणी केली. औषधांनी रोग आटोक्यात आलेल्या या स्त्रियांपैकी निम्म्यांना स्थानिक उपचार दिले, निम्म्यांना दिले नाहीत. आयुर्मर्यादा दोन्ही गटांत जवळपास सारखीच निघाली : एका गटात १९.२ महिने, दुसऱ्यात २०.५. शेवटच्या दीड-दोन वर्षांपैकी कित्येक आठवडे एखाद्या बाईने शस्त्रक्रियेच्या जखमेत आणि किरणांच्या रांगेत घालवावेत की घरी, या प्रश्नाला त्यामुळे प्रथमच पुराव्याचे उत्तर मिळाले. यात कोणताही चमत्कारी संगणक नव्हता. चिठ्ठ्या टाकून केलेली विभागणी, चोख नोंद आणि आठ वर्षांचा धीर, एवढेच भांडवल होते.

एडिंबरोच्या इयन कंकलर यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेली चाचणी दुसऱ्या टोकाची आहे. पासष्ट वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या, लहान गाठीच्या, काखेतील ग्रंथींत रोग नसलेल्या आणि संप्रेरकविरोधी गोळ्या घेणाऱ्या १,३२६ स्त्रियांत, किरण न घेतलेल्यांपैकी दहा वर्षांत शेकडा साडेनऊ जणींची गाठ त्याच स्तनात परतली. घेतलेल्यांपैकी शेकडा एकीपेक्षाही कमी जणींची. पण जगण्यात फरक नाही. दोन्ही गटांत दहा वर्षांनी शेकडा सुमारे ८१ स्त्रिया हयात होत्या. येथे गणित संपते आणि बाईचे मत सुरू होते. एखादी म्हणेल, गाठ परत येण्याची धास्ती नको, किरण द्या. दुसरी म्हणेल, सत्तरीत ही दगदग नको. दोघीही बरोबर आहेत.

आता यंत्राच्या बुद्धीविषयी. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या भारदस्त नावामागे चालणारे काम लहान मुलाने कित्ता गिरविण्यासारखे आहे. किरणोपचार सुरू करण्यापूर्वी छातीच्या आडव्या छेदांची चित्रे काढतात. त्या प्रत्येक चित्रावर तज्ज्ञाने स्तन, फुप्फुस, हृदय, काखेतील ग्रंथी यांच्या सीमा हाताने रेखाटाव्या लागतात. मग पदार्थविज्ञानाचा तज्ज्ञ किरणांच्या दिशा आणि मात्रा बसवितो. हे रेखाटन किचकट, वेळखाऊ आणि माणसागणिक थोडेफार निराळे असते. संगणकाला अशी हजारो रेखाटलेली चित्रे दाखवितात; तो प्रथम चुकतो, त्याची चूक मोजली जाते, तो आपली अंतर्गत गणिते किंचित सुधारतो आणि पुन्हा काढतो. असे असंख्य वेळा झाले की त्याच्या रेषा डॉक्टरांच्या रेषांजवळ येतात. हृदय म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. पण जे काम डॉक्टराला कित्येकदा तासभर लागे, ते तो काही मिनिटांत उरकून पुढ्यात ठेवतो. ते तपासून दुरुस्त करणे एवढेच डॉक्टराकडे उरते. ही विद्या आता प्रयोगशाळेत राहिलेली नाही. अनेक रुग्णालयांत ती रोजच्या वापरात आहे.

रेषांना एवढे महत्त्व का, ते डाव्या स्तनाच्या रुग्णावरून समजते. हृदय डाव्या बाजूस, आणि त्याला रक्त पुरविणारी एक मुख्य रोहिणी छातीच्या भिंतीला जवळजवळ लागून उतरते. स्वीडन आणि डेन्मार्कमधील २,१६८ स्त्रियांच्या जुन्या नोंदी तपासून सारा डार्बी यांनी २०१३ साली दाखविले की, हृदयावर पडलेल्या सरासरी मात्रेतील प्रत्येक एका ग्रेमागे हृदयविकाराच्या गंभीर घटनांची शक्यता शेकडा ७.४ ने वाढते, आणि तिचे सावट वीस वर्षे तरी राहते. हा आकडा घाबरविण्यासाठी नाही. शंभरांपैकी सात जणींना झटका येईल असा त्याचा अर्थ नसून, त्या बाईला मुळात जेवढी शक्यता होती तिच्यात तेवढ्या टक्क्यांची भर पडते असा आहे. जिला मधुमेह आणि रक्तदाब आहेत तिची मूळ शक्यताच मोठी; तिच्या बाबतीत एक ग्रे वाचविणे अधिक मोलाचे. बाईला खोल श्वास घेऊन तो काही क्षण धरून ठेवावयास सांगतात; फुप्फुस फुगते, हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकते, आणि तेवढ्या क्षणांत किरण सोडतात. कोणत्या बाईला या युक्तीचा किती लाभ होईल, याचा अंदाज आता तिच्या चित्रांवरून संगणकाकडून बांधता येतो. प्राणायामाची सवय असलेल्या बायकांना हे श्वास धरणे सोपे जात असावे, अशी कल्पना करण्यास हरकत नाही.

याच्या पुढची पायरी भाकिताची, आणि खरा वाद तेथेच आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथी काढल्या आणि तेथे किरणही दिले, तर काही स्त्रियांच्या हातातून लसिकेचा निचरा नीट होत नाही. हात सुजतो, जड होतो आणि ही सूज जन्माची सोबतीण होते. रोगाने मेली नाही, यात समाधान मानणाऱ्या घराला ही सूज किरकोळ वाटते. जिला त्याच हाताने कणीक तिंबावयाची, बादली उचलावयाची, बांगड्या भरावयाच्या किंवा यंत्रावर शिवण घालावयाचे, तिला ती किरकोळ नसते. ती तक्रारही करीत नाही. ‘जीव वाचला ना’ हे तिला इतरांनी इतक्यांदा ऐकविलेले असते.

ही सूज कोणाला येईल हे आधी सांगणारी एक संगणकीय रीत युरोपात तयार झाली आहे. लेस्टर विद्यापीठाचे शल्यचिकित्सक टिम रॅटे यांनी मार्च २०२४ मध्ये मिलान येथील परिषदेत तिचे निष्कर्ष सांगितले. ६,३६१ रुग्णांच्या नोंदींवर ती शिकविली असून रुग्णाच्या व उपचाराच्या ३२ बाबी ती विचारात घेते. ज्यांना सूज येणार त्यांपैकी शेकडा ८१.६ जणींना ती हेरते. ज्यांना येणार नाही त्यांपैकी शेकडा ७२.९ जणींना ती निर्धास्त ठरविते. धोका अधिक दिसल्यास उपचार चालू असतानाच हातावर दाबाची बाही घालावयास देणे किंवा काखेतील किरणांचा पुनर्विचार करणे शक्य होते. विशेष म्हणजे, हे यंत्र आपल्या भाकिताचे कारणही सांगेल अशा बेताने घडविले जात आहे. केवळ ‘येईल’ किंवा ‘नाही येणार’ असा कौल देऊन ते गप्प बसणार नाही.

आकडे भारदस्त वाटतात. पण ते रुपयाआण्यांच्या हिशेबासारखे मांडून पाहावेत. समजा, शंभर स्त्रियांपैकी दहा जणींना सूज यावयाची आहे. त्या दहांपैकी आठ जणींना यंत्र ओळखील, दोन जणी निसटतील. उरलेल्या नव्वदांपैकी सुमारे चोवीस जणींना ते विनाकारण धोक्याच्या यादीत घालील. म्हणजे एकूण बत्तीस जणींना इशारा मिळेल आणि त्यांपैकी आठ जणींच्याच बाबतीत तो खरा ठरेल. इशारा म्हणजे काही आठवडे बाही घालणे एवढेच असेल तर हा सौदा वाईट नाही. चोवीस जणींना थोडा त्रास आणि आठ जणींचा हात वाचण्याची आशा. पण त्याच इशाऱ्यावर भिस्त ठेवून काखेतील किरणच कमी केले, तर त्या चोवीस जणींचा रोग परतण्याचा धोका वाढविल्यासारखे होईल. एकच भाकीत एका निर्णयासाठी पुरेसे असते आणि दुसऱ्यासाठी नसते. हा भेद जाहिरातीत दिसत नाही. म्हणून ही रीतही चाचणीवर घातली गेली आहे, हे योग्यच झाले. फ्लोरिडातील मॉफिट संस्थेत गाठीतील दहा जनुकांवरून किरणांची मात्रा बाईगणिक ठरविण्याची रीत २०१७ साली सुचविली गेली. तिलाही हाच न्याय लावला पाहिजे.

पण याहून मोठी अडचण दुसरी आहे. कित्ता ज्याच्या हातचा, वळण त्याचे. ही ६,३६१ माणसे पाश्चात्त्य देशांतील. त्यांचे वजन, त्यांचे वय, त्यांच्यावरील शस्त्रक्रियेची पद्धत, त्यांना मिळालेले व्यायामाचे मार्गदर्शन या साऱ्याचे वळण यंत्राच्या अंगी उतरले आहे. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले आणि ९८ हजारांहून अधिक मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. ज्या देशात एवढी रुग्णसंख्या आहे त्याच्या स्त्रिया या भाकितयंत्राच्या पाठ्यपुस्तकात जवळजवळ नाहीत. वाडीतली पंचेचाळीस वर्षांची बाई त्या यंत्रापुढे बसली, तर ते तिलाही उत्तर देईल आणि तितक्याच ठाम आवाजात देईल. ‘तुझ्यासारखी मी पाहिलेली नाही’ असे आपण होऊन म्हणण्याची त्याला सवय नसते. सुईण निदान चेहऱ्याकडे पाहत असे.

येथील स्त्रियांच्या नोंदी घेणे जमणार नाही असे कोणी म्हणू नये. टाटा रुग्णालयानेच १९९८ पासून मुंबईतील वस्त्यांमधील १,५१,५३८ स्त्रियांचा वीस वर्षे पाठपुरावा केला. शिकविलेल्या आरोग्यसेविकांनी निम्म्या वस्त्यांत घरोघरच्या बायकांची दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू त्यामुळे जवळपास शेकडा तीसने घटल्याचे डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. झोपडपट्टीतील स्थलांतर, बदलती नावे, बंद दारे या सर्वांतून ही वही वीस वर्षे सांभाळली गेली. आता त्याच रुग्णालयाने चित्रांची पेढी उभारण्यास सुरुवात केली आहे. यंत्राला शिकविण्यासाठी येथील रुग्णांची चित्रे आणि माहिती तेथे साठविली जाते. पण तिचा आरंभ डोके-मान व फुप्फुस यांच्या कर्करोगापासून झाला. तंबाखूच्या देशात ते स्वाभाविकच म्हणावयाचे. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातून देशभरातील शेकडो रुग्णालये एकमेकांशी जोडली गेली आहेत, तेव्हा वाट नाही असे नाही.

माहिती कोणाची, हा प्रश्न मात्र सोडून चालणार नाही. छातीच्या आडव्या छेदाचे चित्र ही कोणत्याही स्त्रीच्या आयुष्यातील अत्यंत खाजगी वस्तू आहे. ज्या वस्तीत रोगाचे नावही घेतले जात नाही, तेथे आपले चित्र कोठे जाईल आणि कोण पाहील, ही शंका अडाणीपणाची नव्हे. संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. पण संमतीपत्र दवाखान्यातील टेबलावर घाईघाईने पुढे सरकविले जाते आणि सही बहुधा नवरा किंवा मुलगा करतो, ही रीत कायद्याने बदलत नाही. सही करण्यापूर्वी तो कागद बाईच्या भाषेत, तिला ऐकू येईल अशा आवाजात, एकदा वाचून दाखविणे एवढे तरी घडावे.

आणि एक अगदी साधी गोष्ट. सूज आली की नाही हे कळण्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही हातांचे माप घेतलेले असावे लागते : मनगट, कोपराखाली, कोपरावर, दंड. शिवणाच्या टेपने पाच मिनिटांत हे काम होते. गर्दीच्या दवाखान्यात ते राहून जाते, आणि पुढे हात जड वाटू लागला की ‘पूर्वी किती होता’ याचे उत्तर कोणाकडेच नसते. ना डॉक्टरांकडे, ना यंत्राकडे, ना त्या बाईकडे. ते माप तारीख घालून, शिक्क्यांनी भरलेल्या त्या जाड फायलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. घरातल्या कोणीही ते घेतले तरी चालते.